नाव न सांगता मदत मागायची असेल, तर आधी फोन बघा

हे वाचताय तो फोन कुणाचा आहे? तुमचा, नवऱ्याचा, की घरात सगळ्यांच्या हातात फिरणारा? तुमचाच असला, तरी त्याचं लॉक अजून कुणाला येतं? घरात कुणी तुमचा फोन चाळत असेल तर आत्ता हे बंद करा आणि बहिणीच्या, मैत्रिणीच्या नाहीतर अंगणवाडीताईच्या फोनवर निवांत वाचा.

मी लातूर जिल्ह्यातली. सासरी बारा वर्षं काढली. शेवटची चार मार खाण्यात आणि त्याच्या दुसऱ्या संसाराच्या बातम्या लोकांच्या तोंडून ऐकण्यात गेली. माहेरी सांगायची सोय नव्हती. थोरली परत आली की धाकटीचं लग्न अडतं, हे आईनं न बोलता सांगितलं होतं. मग एका रात्री साडेअकराला, गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं बसून, खोट्या नावानं एका अनोळखी बाईला सगळं लिहिलं. तिनं आधी एकच विचारलं, "आत्ता तुम्ही सुरक्षित आहात ना?" इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

आता मी तशाच रात्री-बेरात्री लिहिणाऱ्या बायकांना उत्तरं लिहिते. बीड, जालना, परभणी, नांदेड, हिंगोली, धाराशिव, संभाजीनगर, कुठून कुठून लिहितात. यातून एक गोष्ट पक्की कळली. पहिल्यांदाच लिहिणारी बाई अनोळखी माणसांना घाबरते, आणि पकडली जाते घरातल्या माणसाकडून. म्हणून सुरुवात फोनपासून.

आधी फोन

व्हॉट्सअ‍ॅप उघडा, वरच्या तीन टिंबांवर दाबा, 'लिंक्ड डिव्हाइसेस' बघा. तुम्ही न जोडलेला कॉम्प्युटर किंवा ब्राउझर तिथं दिसला, तर तुमचे मेसेज कुणीतरी दुसऱ्या स्क्रीनवर वाचतंय. हे करायला कुणी हॅकर लागत नाही. तुम्ही भाकरी थापत असताना मिनिटभर फोन उचलून क्यूआर स्कॅन केला की झालं. दिसलं तरी लगेच लॉगआउट करू नका. त्याला कळतं, आणि त्या रात्रीचा राग तुमच्यावर निघतो. दुसऱ्या फोननं त्या स्क्रीनचा फोटो काढा, भरवशाच्या माणसाला दाखवा, मग ठरवा. तोवर त्या व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त भाजीपाल्याच्या आणि पोरांच्या शाळेच्या गप्पा.

दुसरं, फोनमध्ये जीमेल कुणाचं आहे? आपल्याकडं बाईचा फोन सुरू करून देतो नवरा, दीर नाहीतर मोबाइलच्या दुकानातला पोरगा. मग त्यात नवऱ्याचंच खातं असतं, आणि तुम्ही काय शोधलं, यूट्यूबवर काय बघितलं, कुठं गेलात, हे त्याला त्याच्या फोनवर दिसू शकतं. गुगल मॅप्समध्ये आपल्या गोल चित्रावर दाबून 'लोकेशन शेअरिंग'ही बघून घ्या.

इथंच मी चुकले होते. त्या अनोळखी ताईनं लिहिलेलं एक वाक्य जपून ठेवावं म्हणून स्क्रीनशॉट काढला. दोघांच्या फोनमध्ये खातं एकच, फोटोंचा बॅकअप चालू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो जेवायला बसला आणि एका हातानं पोरांचे गॅदरिंगचे फोटो वर सरकवत होता. मी तव्यापाशी. त्या रंगीत फोटोंमध्ये मला एक पांढरा चौकोन दिसला, बारीक अक्षरांचा. तो सरकून वर गेला. भाकरी काळी पडली, त्यावरून शिव्या खाल्ल्या, पण त्याचं लक्ष त्या चौकोनाकडं गेलं नव्हतं. रात्री तो झोपल्यावर फोटो काढून टाकला, आणि मग कळलं की काढलेला फोटोसुद्धा 'बिन'मध्ये साठ दिवस पडून राहतो. तिथूनही काढावा लागतो. तेव्हा स्क्रीनशॉट काढायचा मोह होईल, काढू नका. काढायचाच असेल तर त्याआधी बॅकअप कुठं जातो ते बघा.

क्रोममधलं 'इनकॉग्निटो' वापरा. त्यात हिस्ट्री राहत नाही, आणि गुगलचा कीबोर्डही तुम्ही लिहिलेले शब्द शिकत नाही. साध्या अ‍ॅपमध्ये तो शिकतो. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं 'मा' टाइप केलं की 'मारतो' सुचवतो. पण फोनमध्ये हेरगिरीचं अ‍ॅप घातलेलं असेल तर इनकॉग्निटोचा उपयोग नाही. सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' आणि 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' या दोन जागी अनोळखी नाव दिसतं का बघा, प्ले स्टोअरचं 'प्ले प्रोटेक्ट' चालवा. काही सापडलं तर तेच, काढायची घाई नको. तो पुरावाही आहे. बाईच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्ह्यात येऊ शकतं.

सगळी हिस्ट्री एकदम पुसू नका. रिकामी हिस्ट्रीच चुगली करते. तेवढ्याच ओळी पुसा. हेल्पलाइनला फोन लावला तर कॉलच्या यादीतून तो नंबर काढा. सिम नवऱ्याच्या नावावर असेल तर कंपनीच्या अ‍ॅपमधून त्याला कॉलचा तपशील निघू शकतो, हेही धरून चला. लॉक स्क्रीनवर मेसेज दिसणं बंद करा. आणि नवा पिन टाकला की मार बसेल असं घर असेल, तर यातलं काहीच करू नका. तो फोन आहे तसा राहू द्या आणि दुसऱ्याचा फोन वापरा. लपवाछपवीत हुशारी दाखवण्यापेक्षा आजची रात्र नीट जाणं मोठं.

कुठं बोलता, तिथं तुमचं काय दिसतं

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला निनावी समजू नका. तिथं तुमचा नंबर दिसतो, आणि नंबर ओळखणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाकला की लोकांनी सेव्ह केलेलं नाव, कधीकधी 'अमक्या सरांची मिसेस' असं, समोर येतं. फेसबुकच्या ग्रुपमध्ये 'अ‍ॅनॉनिमस' पोस्ट टाकता येते, पण ग्रुप चालवणाऱ्यांना नाव दिसतं. तो ग्रुप आपल्याच तालुक्याचा असेल तर चालवणारी तुमची चुलत जाऊ निघायची. टेलिग्राममध्ये 'प्रायव्हसी'त जाऊन फोन नंबर 'नोबडी'वर ठेवावा लागतो. आपोआप लपत नाही. रेडिटवर नंबर लागत नाही, टोपणनावानं लिहिता येतं, पण तिथं बहुतेक जण इंग्रजीत बोलतात.

यासाठी एक नवं ईमेल काढा, ज्यात नाव, आडनाव, जन्मसाल, गाव काही नसेल. ते फोनच्या खात्यांमध्ये जोडू नका, फक्त इनकॉग्निटोत उघडायचं. टोपणनाव असं घ्या की माहेरच्यांनाही कळू नये. माहेरचं लाडाचं नाव घेणाऱ्या बायका मी पुष्कळ बघितल्या. ते नाव नवऱ्याला सगळ्यात आधी ओळखू येतं.

गोष्ट लिहिताना

एका ताईनं लिहिलं होतं (तपशील मी बदललेत): "मी अमुक तालुक्यातली, नवरा झेडपी शाळेवर शिक्षक, दोन मुली, लग्न २०१४ ला, काल वास्तुशांतीला पाहुण्यांसमोर मला चपलेनं मारलं." एवढ्यावर तिला तिच्या गावातले पन्नास जण ओळखतील. आम्ही मिळून ते असं केलं: "मराठवाड्यातली आहे. लग्नाला दहाएक वर्षं झाली, लेकरं आहेत. नवरा सरकारी नोकरीत. हात उचलतो, पैसा हातात देत नाही, बाहेर संबंध आहेत. घर सासऱ्यांच्या नावावर आहे. घर न सोडता मला खर्च मिळेल का?"

बघा काय गेलं आणि काय राहिलं. गाव, साल, मुलींची संख्या, कालचा प्रसंग गेला. सरकारी नोकरी राहिली, कारण त्यावर पोटगीचं आणि सेवानियमांचं उत्तर अवलंबून आहे. घर कुणाच्या नावावर, तेही त्याचसाठी राहिलं. आणि शेवटी एक सरळ प्रश्न आला. "मी काय करू?" असं विचारलं की चाळीस जणी चाळीस वाटा सांगतात. नेमकं विचारलं की नेमकं उत्तर मिळतं. मोठा प्रसंग घडला असेल तर चार-आठ दिवस थांबून लिहा, म्हणजे तारखेवरून कुणी जोडणार नाही. अंगावरच्या वळांचा फोटो टाकू नका. मागच्या भिंतीवरचं पतसंस्थेचं कॅलेंडर, हातावरचं गोंदण, पडदा, कशावरूनही ओळख पटते.

खरी, पूर्ण, तारीखवार गोष्ट वेगळी लिहून ठेवा, नव्या ईमेलच्या ड्राफ्टमध्ये. कधी मारलं, कुणासमोर, दवाखान्यात गेलात का, दागिने कुठं गेले. ती गोष्ट फक्त वकिलासाठी आणि संरक्षण अधिकाऱ्यासाठी (कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारीत मदत करणारा सरकारी अधिकारी). लिहिताना हात थरथरतो, माझाही थरथरायचा. एका बैठकीत लिहून होत नाही.

इनबॉक्समध्ये येणारे

पोस्ट पडली की खाजगीत मेसेज यायला लागतात. काही खरोखर मायेचे असतात. बाकीच्यांबद्दल आता सांगते.

पहिला, 'पती वश करून देतो' म्हणणारा बाबा. आधी पाचशे, मग पूजेला पाच हजार, मग "विधी अर्धवट राहिला तर मुलावर उलटेल". घाबरलेली बाई मंगळसूत्र मोडते. मराठवाड्यात हे इतकं चालतं की मी प्रत्येकीला आधीच सांगते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली अशांवर गुन्हा नोंदवता येतो. दुसरा, "नवऱ्याचं व्हॉट्सअ‍ॅप काढून देतो" म्हणणारा. तो पैसे घेतो, तुमचा नंबर आणि तुमचं गुपित घेतो, आणि पुढं त्यावरच पैसे मागतो. शिवाय दुसऱ्याचं खातं फोडणं हा तुमच्याच अंगावर येणारा गुन्हा. तिसरा, बाईच्या नावानं बोलणारा पुरुष. तो फार समजून घेतो, दुसऱ्याच दिवशी आवाज ऐकवा म्हणतो, तिसऱ्या दिवशी फोटो. प्रेमाला मुकलेल्या माणसाला हे सगळ्यात गोड लागतं. यात तुमचा दोष नाही; पण फोटो, नंबर, पत्ता, ओटीपी, पैसे या पाचातलं काहीही मागितलं की बोलणं तिथंच थांबवा.

आणि सल्ले. "पुरुषाची जात, होतं असं, लेकरांकडं बघ." "आजच्या आज बॅग भर आणि निघ." हे दोन्ही लिहिणारे दार लावून झोपी जातात, घरात तुम्ही असता. घर सोडायची वेळ ही मारहाणीच्या घरात सगळ्यात धोक्याची असते. कधी निघायचं, निघायचं का नाही, हे तुमच्याशिवाय कुणी ठरवू नये. चांगली माणसं आधी तुमची सुरक्षितता विचारतात, मग ऐकतात, मग माहिती देतात. घाई करत नाहीत.

बाहेर संबंध असतील तर

याबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं, आणि याच बाबतीत खोटी आशा सगळ्यात जास्त विकली जाते. २७ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं व्यभिचाराचं कलम रद्द केलं. त्याआधीही त्या कलमाखाली बायकोला तक्रार करता येत नव्हती. म्हणजे नुसते संबंध असले तर पोलीस त्याला अटक करणार नाहीत. पण तुम्हाला फारकत हवी असेल तर हिंदू विवाह कायद्यात ते कारण चालतं. पहिलं लग्न असताना दुसरं लग्न लावलं असेल तर तो गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ८२, सात वर्षांपर्यंत शिक्षा. सरकारी नोकरावर सेवानियमांखालीही कारवाई होते. मुस्लिम बहिणींसाठी: एका दमात दिलेला तीन तलाक २०१९ च्या कायद्यानं रद्दबातल आहे आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हाही.

पुरावा गोळा करताना आपल्या फोनवर आलेलं जपा. त्याच्या फोनमध्ये अ‍ॅप घालू नका. नवऱ्याशी तुमचं झालेलं बोलणं रेकॉर्ड केलेलं असेल तर १४ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की वैवाहिक खटल्यात ते पुरावा म्हणून चालू शकतं. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. त्या दुसऱ्या बाईचं नाव-फोटो कुठंही टाकू नका. मन कितीही पेटलं तरी. खटला मग तुमच्यावरच होतो.

तुमचेच खाजगी फोटो पसरवायची धमकी तो देत असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर बायका-मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देता करता येते. 'स्टॉपएनसीआयआय' नावाची मोफत सेवाही आहे. ती तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक आकडेवजा ठसा बनवते, फोटो कुठंही पाठवत नाही, आणि फेसबुक-इन्स्टाग्रामसारख्या कंपन्या तो ठसा जुळला की फोटो अडवतात. अठरा वर्षांच्या वरच्यांसाठी आहे.

नाव सांगायची वेळ

निनावी बोलणं म्हणजे परक्याच्या ओसरीवर बसून दम खाणं. तिथं रडता येतं, विचारता येतं. पण पोटगीचा, घरात राहण्याचा, संरक्षणाचा आदेश टोपणनावाला मिळत नाही. म्हणून कधीतरी एका माणसाला खरं नाव सांगावं लागतं. ते कुणाला सांगायचं, त्याचे नंबर असे.

आत्ता मारहाण चालू असेल तर ११२. पोलीस येतात. १८१ ही महिला हेल्पलाइन, नाव न सांगताही नुसती माहिती विचारा. राष्ट्रीय महिला आयोगाचा चोवीस तासांचा नंबर ७८२७१७०१७०. जीव नकोसा झाला, झोप उडाली, रडू थांबत नाही तर टेलिमानस, १४४१६, मराठीत बोलतात, फुकट. फुकट वकिलासाठी १५१००, किंवा सरळ कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस विचारा. १९८७ च्या कायद्यानं बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. "तुमचं घर चांगलं आहे, तुम्हाला कशाला" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

जिल्ह्याच्या ठिकाणी 'सखी वन स्टॉप सेंटर' असतं. उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन आणि काही दिवसांचा आसरा एकाच जागी मिळतो. पोलिसांच्या आवारात बसणारा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्षही विचारा. १९८४ ला मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं तो सुरू केला, पुढं राज्यभर पसरला. तिथं बसणारे सामाजिक कार्यकर्ते असतात, वर्दीतले नव्हेत, हे मला फार बरं वाटलं होतं.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारणं तर येतंच, पण शिव्या, टोमणे, जबरदस्ती, पैसा अडवणं, दागिने काढून घेणं हेही येतं. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी, तुम्ही तिथं नांदत असाल, तर राहायचा हक्क मागता येतो. माहेरी आला असाल तर माहेरच्या तालुक्याच्या कोर्टात अर्ज चालतो, सासरच्या गावी खेटे घालायची गरज नाही. कायदा म्हणतो की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत. प्रत्यक्षात जास्त लागतो, मला तर खूप लागला. पण अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, आदेश आधी मागता येतो, तो मागाच.

ज्यांच्याकडं फोनच नाही

कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेल्या बायकांचं वेगळं. दिवाळीच्या सुमारास टोळी निघाली की पाच-सहा महिने साखर कारखान्यावर, कोपीत, म्हणजे झोपडीत. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दोघांच्या जिवावर घेतलेली, त्यामुळं मधेच निघाली तर मुकादम फेडीसाठी माहेरच्या दारात. कोपीत लाइट नाही, फोन नवऱ्याच्या खिशात. अशी एक बहीण मला कारखान्याजवळच्या किराणा दुकानातल्या बाईच्या फोनवरून लिहायची, दर पंधरा दिवसांनी, रॉकेल-साखर घ्यायला आली की. तीन ओळी लिहायची आणि लगेच पुसायची. दुकानातल्या बाईनं कधी काही विचारलं नाही. फोन पुढं करायची आणि माप करायला आत वळायची.

तिला मी दोनच गोष्टी पाठ करायला लावल्या. ११२ कुठल्याही फोनवरून लागतो. आणि तक्रार कुठल्याही ठाण्यात घेतात, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. तिला झिरो एफआयआर म्हणतात. गुन्हा कारखान्याच्या गावी घडला आणि बाई बीडला उतरली तरी चालतं.

कागद

हे काम आजच सुरू करता येतं, आणि कुणाला कळतही नाही. आधार, रेशन कार्ड, लग्नाची पत्रिका, लग्नातला एखादा फोटो, लेकरांचे जन्मदाखले, बँकेचं पासबुक, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, त्याची पगाराची पावती किंवा सातबारा मिळाला तर तो. मूळ कागद जागेवर राहू द्या, हललेले दिसतील. नव्या ईमेलवर त्यांचे फोटो पाठवा आणि फोनमधून, बिनमधून काढून टाका. एक झेरॉक्सचा संच घराबाहेर, अशा बाईकडं ठेवा जिचं तुमच्या सासरी जाणं-येणं नाही. माझा संच शिवणक्लासच्या ताईंकडं होता, ब्लाउजपीसच्या पिशवीत. त्यांच्याशी एक खूण ठरली होती: मी फोन करून "अस्तर आणलं का" असं विचारलं की त्यांनी ११२ ला माझा पत्ता सांगायचा. तीन वर्षांत ते एकदाच विचारावं लागलं. अर्ध्या तासात दारात गाडी उभी राहिली.